बियाणं आमचं, नाव कुणाचं?



थंडी पडली की आपल्या रायगड जिल्ह्यात मोबाईलवर दोन फोटो फिरू लागतात. एक पोपटीचा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मीठ, ओवा आणि भोवती पेटलेला जाळ. दुसरा वालाच्या बिरड्याचा. पोपटीच्या फोटोखाली हल्ली एखाद्या फार्महाऊसचं नाव असतं आणि बिरड्याच्या फोटोखाली बहुतेक वेळा एखाद्या जातीचं. अमक्यांच्या पद्धतीचं बिरडं, तमक्यांची खासियत. कुणाच्या ताटावर आमचा आक्षेप नाही. बिरडं आम्हीही बोटं चाटून खातो. पण एक प्रश्न पडतो. पदार्थाला जात चिकटते, मग ते वाल ज्यांनी पेरले, उपटले, झोडपले, सोलले आणि ज्यांनी त्याचं बी वर्षानुवर्षं राखलं, त्यांचं नाव कुठे जातं?

हा लेख त्या नावाबद्दल आहे. सुरुवात मात्र आमच्या परसातल्या एका वेलापासून करावी लागेल.

आम्ही अष्टमीचे. कुंडलिकेच्या एका काठाला अष्टमी, दुसऱ्या काठाला रोहा, मध्ये पूल आणि दोघांची नगरपालिका एकच. घर बौद्धवाडीत. घरामागे चार खाटा मावतील एवढं परस. त्यात मोरी, एक शेवगा आणि एक मांडव. त्या मांडवावर दरवर्षी घेवड्याचा वेल चढतो. शेंगा चपट्या, हिरव्या, कडेला जांभळी रेघ. फुलंही जांभळी. बी पिकलं की काळपट तपकिरी होतं आणि त्याच्या एका कडेला पांढरी रेघ उमटते, खडूने ओढावी तशी. बाजारात याला कुणी वालपापडी म्हणतं, कुणी घेवडा. आमच्या घरात त्याला 'आजीचा वेल' एवढंच नाव. आजी लग्न होऊन अष्टमीला आली तेव्हा माहेराहून, महाडकडच्या खेड्यातून, पदराच्या गाठीत हे बी घेऊन आली. अंगावर घालायला फार काही नव्हतं, पण गाठीत बी होतं.

शेतातला कडवा वाल आणि मांडवावरचा हा वेल यांत गल्लत करू नका. कडवा वाल भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर पेरतात. त्याला मांडव लागत नाही आणि पाणीही फारसं लागत नाही. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने दोघं एकाच जातीचे. (इथे 'जात' हा शब्द वनस्पतीपुरताच घ्यावा!) आमच्या आजीच्या हिशेबात मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक होता. ती म्हणायची, शेतातला वाल दुसऱ्याचा, मांडवावरचा आपला. आमच्या वाडीतल्या बाया दुसऱ्यांच्या शेतात वाल उपटायला जायच्या, दिवसभर उन्हात वाकायच्या आणि संध्याकाळी मजुरी म्हणून थोडे वाल पदरात घेऊन यायच्या. किती द्यायचे ते मालक ठरवणार. परसातल्या वेलाची शेंग मात्र कुणाला विचारून तोडावी लागत नव्हती. त्या घरात आपल्या मालकीची म्हणावी अशी जी दोन-तीन जिवंत वस्तू होती, त्यातली ही एक.

हे नीट समजून घ्यायचं तर आपल्या जिल्ह्याचा इतिहास आठवला पाहिजे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आजचा रायगड तो तेव्हाचा कुलाबा जिल्हा, म्हणजे ती आपल्या जिल्ह्याची परिषद. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं, आठवलंच पाहिजे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना आणखी काही गोष्टी बजावल्या होत्या. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्यापाक्या भाकरतुकड्यासाठी दारोदार फिरणं सोडा आणि शेतीकडे वळा, पडीक आणि जंगलातली जमीन मिळवा. पाण्याच्या हक्काच्या शेजारी जमिनीचा हक्क उभा होता. आपण तळ्याची जयंती करतो आणि जमिनीचा तो मुद्दा भाषणात एका वाक्यात उरकतो.

पुढे १९३३ ते १९३९ अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकरी संप झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायचं बंद केलं. बाबासाहेबांनी त्या लढ्याला साथ दिली आणि १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती गेली ती शेवटी १९४९ च्या कायद्याने. कूळकायदाही आला. पण ज्याचं नाव कूळ म्हणून कागदावर होतं, त्यालाच जमीन मिळाली. जो फक्त मजूर होता, ज्याचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं, त्याला काय मिळालं? आमच्या घराला सातबारा मिळाला नाही. आमच्या घराला मिळालं ते आजीच्या गाठीतलं बी. हे काव्य म्हणून सांगत नाही. हा हिशेब आहे.

आता वेलाकडे येऊ. पहिला पाऊस पडला की आई परसात दोन आळी करते. शेणखत आणि चुलीतली राख मिसळते. बी रात्रभर भिजत घालते आणि सकाळी एका आळ्यात तीन-तीन टोचते. आठवड्याभरात कोंब वर येतो. मग बांबूच्या मेढी रोवायच्या, वर आडव्या काठ्या बांधायच्या आणि सुंभाने वेलाला वाट दाखवायची. श्रावणापर्यंत मांडव पानांनी झाकून जातो आणि इथेच नवखा माणूस फसतो. गणपती येतात, जातात, वेलाला एक फूल नाही. नुसती पानं. आमच्या शेजारच्या एका पोराने असाच वेल 'वांझोटा' म्हणून सप्टेंबरात उपटून टाकला होता. (तो शब्द बाईलाही लावू नये आणि वेलालाही.) हा जुना वेल दिवस लहान होण्याची वाट बघतो. रात्र मोठी झाल्याशिवाय तो फुलत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तुरे दिसतात आणि मग माघापर्यंत शेंगा थांबत नाहीत. बाजारातलं झुडपी वाण लवकर फुलतं, कुठल्याही हंगामात फुलतं आणि लवकर संपतं. शेतकऱ्याला बाजारासाठी तेच परवडतं, त्यात चूक काही नाही. पण परसातल्या घराला रोज मूठभर शेंग हवी असते आणि ती तीन-चार महिने हवी असते. त्या घरासाठी हा वेल आहे.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

२०१६ ची गोष्ट. पुलापलीकडे रोह्याच्या बाजूला एक सवर्ण घर आहे. तिथल्या काकूंनी कुणाकडे तरी आमच्या वेलाची शेंग खाल्ली आणि बी मागायला त्या स्वतः अष्टमीत आल्या. काकू परसात उभ्या राहिल्या, वेल पाहिला, मनापासून कौतुक केलं. आईने चहा टाकला. काकू म्हणाल्या, "नको हो, आज उपास आहे." चहा उपासाला चालतो हे महाराष्ट्रातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. आईने काही न बोलता वर्तमानपत्राच्या कागदात वीस-पंचवीस बिया बांधल्या आणि दिल्या. काकूंनी पैसे विचारले. आई म्हणाली, "बियाचे पैसे घेत नाहीत."

काकू गेल्यावर आम्ही भावंडं आईवर तुटून पडलो. जी बाई आपल्या घरचा चहा पीत नाही तिला आपलं बी का द्यायचं? शेंग चालते, बी चालतं, मग कपच का चालत नाही? आम्ही चळवळीत वाढलेले. शाखेच्या बैठकीत स्वाभिमानावर बोलणारे. आमच्या मते आईने गुलामी दाखवली होती. आईचं उत्तर एवढंच होतं, "मी तिला बी दिलं, पाया नाही पडले." आम्हाला ते उत्तर पटलं नाही. त्या रात्री आम्ही आईशी धड बोललोही नाही.

मग ३ जून २०२० आला. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्या घराचे पत्रे उडाले. लॉकडाऊन चालू होता, कामं बंद होती, वर हे. बियांचा डबा आईने स्वयंपाकघरात वाशाला टांगलेला असायचा. वाशासकट तो खाली आला, झाकण उघडलं आणि दोन दिवस पावसात पडून राहिला. आम्ही पत्रे, भांडी, कागदपत्रं गोळा करत होतो. डब्याची आठवण आईलाच झाली. तोवर बी फुगून, कुजून, वास मारत होतं. त्यातल्या पाच-सहा बिया आईने तरी टोचल्या. एकही उगवली नाही.

बी आणखी कुठे आहे याचा शोध सुरू झाला. वाडीत दोन घरांत होतं, पण त्यातल्या एकाने घरकुल बांधताना परसच संपवलं होतं आणि दुसऱ्या घराने वेल लावायचा केव्हाच सोडला होता. आत्याकडे होतं, पण ती मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेली, तिथे गॅलरीत तुळशीलाही जागा नाही. सगळं फिरून नाव उरलं एकच. पुलापलीकडच्या काकू.

आई म्हणाली, "मी नाही जाणार." चार वर्षांपूर्वी तिला स्वाभिमान शिकवणारे आम्ही गप्प झालो. तिचा चेहरा आम्ही पाहिला. चहाची ती गोष्ट तिने गिळली होती, विसरली नव्हती.

घरात दोन दिवस वाद झाला. बाबासाहेबांनी दारोदार मागायचं बंद करा म्हणून सांगितलं, आणि आम्ही त्याच दारात मागायला जायचं? एक जण म्हणाला, जाऊ दे तो वेल, बाजारातून पाकीट आणू. वीस-तीस रुपयांत काम होतं. खरंच होतं ते. पण मग आमच्या घरात आजीचं असं काय उरणार होतं? तिचा फोटोसुद्धा नाही. ज्या काळात आपल्या बायांचे फोटो निघत नव्हते, कागदावर नावं येत नव्हती, त्या काळातला आमच्या घरातला एकमेव पुरावा म्हणजे तो वेल होता.

शेवटी आम्ही भावंडं गेलो. तोंडाला मास्क. काकू व्हरांड्यात आल्या. आम्ही ओळख दिली, डब्याची गोष्ट सांगितली. त्या लगबगीने आत गेल्या आणि काचेची एक बाटली घेऊन आल्या. अर्धी बाटली बी. म्हणाल्या, "अहो, तुमच्याच घरचं हे. न्या पाहिजे तेवढं." मग आतून चहा आला. कागदी कपात. काकू म्हणाल्या, "कोरोनामुळे सगळ्यांना यातच देतो बघा."

मित्रांनो, त्या कपाचं काय करायचं? कोरोना होता, ते खोटं नव्हतं. त्या दिवसांत सगळं जग एकमेकांपासून सहा फूट लांब उभं होतं आणि त्याला सोशल डिस्टन्सिंग म्हणत होतं. आपल्यासाठी तो शब्द नवा होता, अंतर नवं नव्हतं. तो कागदी कप रोगाचा होता की जातीचा, हे आम्हाला आजही ठरवता आलेलं नाही. जात अशीच जगते. समोरच्याला कारण सापडतं आणि आपल्याला खात्री सापडत नाही. आम्ही चहा प्यायलो. बी घेतलं. निघताना बाटलीवरची चिठ्ठी वाचली. काकूंच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: गावठी घेवडा, जांभळा.

काकूंच्या तोंडी आमचं घर होतं. चिठ्ठीवर नव्हतं.

घरी आल्यावर आईला सांगितलं, मागून आणलं. आई म्हणाली, "मागून नाही. आपलं होतं, आणलं." तिने त्याच संध्याकाळी आळी केली. उशीर झाला होता, जून संपत आला होता, पण वेल दिवस लहान होण्यावर चालतो, पेरणीच्या तारखेवर नाही. दिवाळीत मांडव जांभळा झाला.

आता या गोष्टीचा अर्थ लावायचा तर सावध राहिलं पाहिजे. कुणी म्हणेल, बघा, प्रेमाने दिलं की प्रेमाने परत मिळतं, जातपात माणसांच्या मनात असते. आम्ही हा अर्थ नाकारतो. एका काकूंच्या चांगुलपणाने व्यवस्था बदलत नाही आणि एका कपाने ती सिद्धही होत नाही. आम्ही यातून तीन गोष्टी शिकलो.

पहिली गोष्ट, आम्ही चुकलो होतो. आमच्या म्हणण्याप्रमाणे आईने बी दिलं नसतं, तर आजीचा वेल २०२० च्या जूनमध्ये कायमचा संपला असता. बियाणं एका डब्यात राखलं की ते डब्याबरोबर जातं. चार घरांत असलं की टिकतं. स्वाभिमान म्हणजे मूठ आवळून बसणं नव्हे. आईने बी दिलं ते देणारी म्हणून दिलं, आणि देणाऱ्याचा हात वर असतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना घेणाऱ्याच्या जागी उभं केलं गेलं, त्यांच्यातली एक बाई देणारी झाली होती. ते आम्हाला चळवळीची पुस्तकं वाचूनही दिसलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, आई बरोबर होती तरी तिचं देणं अर्धं राहिलं. बी गेलं, नाव गेलं नाही. पुढच्या पिढीत ते 'काकूंचा जांभळा घेवडा' म्हणून ओळखलं जाणार, त्याच्यावर पाककृती लिहिली जाणार, आणि त्या पाककृतीला त्यांच्या घरची परंपरा म्हणणार. यात काकूंचा दुष्टपणा असायचं कारणच नाही. कागद ज्याच्या हातात, नाव त्याचं, ही जुनीच रीत आहे. म्हणून तर शाहू पाटोळे यांना 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहावं लागलं. मराठीत पाककृतींच्या पुस्तकांचा ढीग होता आणि मांग-महारांच्या चुलीवर काय शिजत होतं ते त्यात नव्हतं. चुलीची जी गत, तीच बियाण्याची.

तिसरी गोष्ट, कायदा. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा वाचला आहे? या कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. बंदी आहे ती एखाद्या संरक्षित वाणाचं बी कंपनीसारखं ब्रँड लावून विकायला. पारंपरिक वाण राखणाऱ्यांना मान्यता आणि बक्षीस देण्याची तरतूदही तिथेच आहे. पण आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची आहे ती शेतकरी या शब्दाची व्याख्या. जमीन कसणारा तर शेतकरी आहेच, पण पारंपरिक वाण जतन करणारी व्यक्तीही या कायद्यात शेतकरी आहे. सातबारा दाखवा, अशी अट त्या व्याख्येत नाही. चार खाटांच्या परसात वेल राखणारी आमची भूमिहीन आई या कायद्याच्या नजरेत शेतकरी आहे. तलाठ्याच्या दफ्तरात नसेल, पण संसदेच्या कायद्यात आहे. हे आपल्या प्रत्येक वाडीत मोठ्याने वाचून दाखवण्यासारखं आहे.

या मार्गाने किती लांब जाता येतं हे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी दाखवलं. कोंभाळण्याच्या आदिवासी बाई, शाळेत न गेलेल्या. वाल-घेवड्यासह कितीतरी गावठी वाणं त्यांनी राखली, बायांचे गट उभे केले आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. आणि समुद्रापार बघा. अमेरिकेत १८३८-३९ मध्ये चेरोकी या मूळ रहिवाशांना सैन्याच्या पहाऱ्यात आपल्या भूमीतून हुसकावून शेकडो मैल पश्चिमेला चालवत नेलं. हजारो लोक वाटेत आणि छावण्यांत मेले. त्या वाटेला ते लोक अश्रूंची वाट म्हणतात. त्या वाटेवरून त्यांनी एका वेलाचं काळं बी सोबत नेलं, असं मानलं जातं. आजही त्या घेवड्याचं नाव 'चेरोकी अश्रूंची वाट' असंच आहे. २०२० मध्ये, म्हणजे आमचा डबा भिजला त्याच वर्षी, चेरोकी नेशनने आपली नऊ पारंपरिक बियाणी नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोठारात ठेवायला दिली. त्यात हे बीही होतं. जमीन गेली, पण बियाणं नावासकट राहिलं. जो कुणी ते बी पेरतो त्याला ते नाव उच्चारावं लागतं आणि नाव उच्चारलं की इतिहास विचारावा लागतो.

इथे आपलेच काही मित्र दोन आक्षेप घेतील. घ्यायलाच हवेत.

पहिला आक्षेप असा की हे गावठी, देशी, पारंपरिक असं गोड बोलणं म्हणजे गावगाड्याचं उदात्तीकरण. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या भक्तीचा किती कठोर समाचार घेतला होता! मान्य. शंभर टक्के मान्य. देशी बियाण्यांच्या काही शिबिरांत आम्ही गेलो आहोत. तिथे 'आपले पूर्वज निसर्गाशी एकरूप होते' असं ऐकलं की आमच्या पोटात ढवळतं. कुणाचे पूर्वज? आमचे पूर्वज गावाबाहेर होते. गावगाडा परत आणायचा असेल तर आमचा वेल त्या मांडवावर चढणार नाही. पण गावगाड्याचा धिक्कार करताना त्या गावगाड्यात आपल्या बायांनी जे ज्ञान कमावलं, तेही त्याच्याच खात्यात जमा करायचं का? कुठली शेंग बियाला ठेवावी, विषारी कडवटपणा काढायला वाल किती भिजवावा, बी किडीपासून कसं राखावं, हे ज्ञान खोताने शिकवलं नव्हतं. ते आपलं आहे. आपण आपलं तेवढं उचलावं आणि बाकीचा गाडा तिथेच सोडावा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आपल्याला जमीन पाहिजे आणि तुम्ही वेल दाखवता? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, हजारो लोक तुरुंगात गेले, ते परसात शेंगा लावायला नव्हे. बरोबर आहे. बाबासाहेबांनी 'राज्य आणि अल्पसंख्याक'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जमीन जातधर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, अशी मांडणी केली होती. तो प्रश्न आजही तसाच उभा आहे. मांडव म्हणजे जमीन नव्हे. जो कुणी आपल्याला वेल देऊन जमिनीचा प्रश्न विसरायला सांगेल, त्याला दारातूनच परत पाठवा. पण जमिनीची लढाई लढताना हातातलं बियाणं का सांडू द्यायचं? उद्या जमीन मिळाली तर तिच्यात काय पेरणार, आणि ते कुणाच्या नावाचं असणार?

म्हणून आम्ही आता एक साधी रीत पाडली आहे. कुणालाही उचलता येईल अशी.

मांडवाच्या मधल्या भागातल्या, रोग नसलेल्या, भरदार शेंगा आम्ही पहिल्यापासून खायला तोडत नाही. त्यांना खुणेचा दोरा बांधतो. त्या वेलावरच वाळू देतो, हलवल्यावर आत बी वाजेपर्यंत. मग सोलून, दोन-तीन उन्हं देऊन, चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून, घट्ट झाकणाच्या बाटलीत. उन्हाळ्याच्या शेवटी दहा बिया ओल्या फडक्यात ठेवून बघतो. सात-आठ उगवल्या तर बी चांगलं. घेवडा बहुतेक करून स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे वाण सहसा बिघडत नाही. तरी दुसऱ्या घेवड्याचा वेल थोडा लांब ठेवलेला बरा, कारण भुंगे आपली जातपात पाळत नाहीत.

बी तीन घरांत ठेवतो. एक आमच्याकडे, एक वाडीतल्या दुसऱ्या घरात, एक गावाबाहेर. एक डबा भिजला तर दोन राहतील.

१४ एप्रिलला आमच्या वाडीत पुस्तकांचा स्टॉल लागतो. त्याच्या कोपऱ्यात आता बियांच्या पुड्या असतात. पुडीत दहा बिया. किंमत नाही. पुडीवर लिहिलेलं असतं: आजीचा वेल, बौद्धवाडी, अष्टमी. खाली आजीचं नाव आणि आईचं नाव. अट एकच. पुढच्या वर्षी वीस बिया परत आणायच्या आणि कुणाला दिल्या तर चिठ्ठीसकट द्यायच्या. पहिल्या वर्षी बारा पुड्या गेल्या आणि चार जण बी घेऊन परत आले. आम्हाला ते कमी वाटलं. आई म्हणाली, चार घरं म्हणजे खूप झाली.

एक पुडी आम्ही पुलापलीकडे काकूंनाही नेऊन दिली. चिठ्ठीसकट. त्यांनी ती वाचली, आमच्याकडे पाहिलं आणि "असं होय" म्हणाल्या. जुन्या बाटलीवरची चिठ्ठी त्यांनी बदलली की नाही, ते आम्ही पाहायला गेलेलो नाही. त्या परत कधी अष्टमीत आल्या तर आई चहा टाकेल. स्टीलच्या कपात.

मित्रांनो, तुमच्या घरातही असं काही असेल. वेल नसेल तर भाजी असेल, भाताचं एखादं वाण असेल, औषधाचा पाला असेल. तुमची आई किंवा आजी बसलेली असताना तिच्याजवळ वही घेऊन बसा. हे कुठून आलं, कुणी दिलं, कसं लावतात, कसं राखतात, सगळं तिच्या शब्दांत लिहा आणि वर तिचं नाव लिहा. आपल्या माणसांचा इतिहास दुसऱ्याने लिहिला तर काय होतं, ते आपण दोन हजार वर्षं भोगलं आहे.

येत्या पावसात आळी करा. बी टोचा. चिठ्ठी विसरू नका.

जयभीम!